आधी खाणं, मग औषध

प्रिय मित्रा,

किडनीचा जुना आजार, उतरलेलं वजन, थकलेलं वय, आणि हातात औषधांची यादी व सलाईनच्या पिशव्या घेऊन तू आणि तुझी मांजर दवाखान्यातून घरी आलात. एवढ्या सगळ्यात आधी काय सांभाळायचं, असं तू विचारलं आहेस. दोन गोष्टी सांभाळ: रोज तिच्या पोटात पुरेसं अन्न गेलं पाहिजे, आणि तुझ्या हाताची तिला धास्ती बसता कामा नये. यातलं एक जरी सुटलं, तरी यादीतली उत्तमातली उत्तम औषधं वाया जातात.

मांजरीचा उपास आपल्या उपासासारखा नसतो. अन्न थांबलं की अंगातली चरबी सुटून यकृताकडे जाते. मांजरीच्या यकृताला ती झपाट्याने वापरता येत नाही, म्हणून ती तिथेच साठते. हाच फॅटी लिव्हर. अंगाने भरलेल्या मांजरीत दोन-तीन दिवसांच्या उपासानंतरही त्याची सुरुवात होऊ शकते. म्हणून २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन कर. नेहमीच्या निम्म्याहून कमी खाणं दोन-तीन दिवस चाललं, तरीही कर. ‘थोडं तरी चाटलं ना’ या समाधानावर राहू नकोस.

‘पुरेसं’ म्हणजे किती, याचा साधा हिशेब आहे. वजनाच्या किलोला ३० ने गुणायचं आणि त्यात ७० मिळवायचे. ४ किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण १९० कॅलरी लागतात. अन्नाच्या डब्यावर किंवा पाकिटावर कॅलरी छापलेल्या असतात. वाटी ठेवताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर, उचलताना पुन्हा कर. नुसत्या नजरेने अंदाज हमखास चुकतो, कारण मांजर वरचा रस्सा चाटून जाते आणि वाटी रिकामी झाल्यासारखी दिसते. घरात दुसरं मांजर असेल तर हिला वेगळ्या खोलीतच वाढ, नाहीतर कोणी किती खाल्लं ते कधीच कळणार नाही.

किडनीच्या आजारात खाणं थांबण्यामागे बहुतेक वेळा मळमळ असते. वाटीजवळ येऊन वास घेते आणि वळते, ओठ चाटत राहते, लाळ येते, वाटीपुढे नुसतीच बसून राहते: ही तिची लक्षणं. अशा वेळी अन्न बदलत बसण्याआधी मळमळीचं औषध मागून घे. मॅरोपिटंट किंवा ऑनडॅनसेट्रॉन डॉक्टर ठरवतील. भूक वाढवणारं मर्टाझापिन त्यानंतर. किडनीच्या मांजरीत त्याच्या दोन डोसांमधलं अंतर वाढवावं लागतं, तेव्हा इंटरनेटवरचा डोस वापरू नकोस. मळमळत असताना तोंडासमोर वाटी धरून आग्रह केलास, तर त्या अन्नाचीच तिला कायमची शिसारी बसते. म्हणून किडनीसाठीचं खास अन्न बरं वाटत असलेल्या दिवसांतच सुरू करायचं. जुन्या अन्नात चमचाभर मिसळून, दोन-तीन आठवडे घेऊन. आणि ती ते खातच नसेल तर जे खाते ते दे. न खाल्लेलं पथ्याचं अन्न कुठल्याच किडनीला वाचवत नाही. फॉस्फरस बांधणारी पूड लिहून दिली असेल तर ती जेवणातच मिसळ, कारण ती अन्नातलाच फॉस्फरस पकडते. रिकाम्या पोटी देऊन उपयोग नाही.

अन्न अंगाच्या उष्णतेइतकं, ३८ अंशांच्या आसपास कोमट कर म्हणजे वास सुटतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलंस तर नीट ढवळून मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघ, मध्येच एखादा घास चटका देणारा निघतो. मांसाचं पाणी द्यायचं असेल तर त्यात कांदा-लसूण अजिबात नको. पूड किंवा अर्क स्वरूपातही नको, त्याने मांजरीच्या लाल रक्तपेशी फुटतात. दूधही नको, बऱ्याच मोठ्या मांजरींना त्याने जुलाब होतात.

सिरिंजने भरवण्याची वेळ आली तर डॉक्टरांना विचारूनच भरव. तिला छातीवर बसलेल्या स्थितीत ठेव. डोकं सरळ, वर उचललेलं नाही. सिरिंजचं टोक गालाच्या फटीतून, सुळ्याच्या मागे. एका वेळी अर्धा ते एक मिली, मग तिने गिळेपर्यंत थांबायचं. डोकं मागे करून भरभर ढकललेलं अन्न श्वासनलिकेत जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. बरेच दिवस उपाशी असेल तर पहिल्याच दिवशी पूर्ण कोटा नको. पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, मग पूर्ण. दिवसाचे चार-पाच भाग कर. ती झटापट करत असेल तर थांब. रोजची झटापट करण्यापेक्षा मानेतून बसवलेली फीडिंग ट्यूब मांजरीला कितीतरी सुखाची असते. लोक तिला शेवटचा उपाय समजून घाबरतात आणि फार उशिरा बसवतात. खरं तर ट्यूबमधून अन्न, पाणी, औषधं सगळं जातं आणि तोंडाला हातही लावावा लागत नाही. ट्यूब प्रत्येक वेळी आधी आणि नंतर ५ ते १० मिली कोमट पाण्याने धुवायची. न धुतल्यास ती तुंबते. मानेवरची जखम रोज बघायची: लाली, पू, दुर्गंधी यांपैकी काही दिसलं तर दवाखाना.

आता गोळ्या. तिला मागून मांडीत घे, तोंड तुझ्या विरुद्ध दिशेला. एका हाताने गालांच्या हाडांवरून डोकं धरून नाक क्षणभर वर केलंस की खालचा जबडा सैल होतो. गोळी जिभेच्या मुळाशी ठेव, तोंड मिट आणि डोकं सरळ करून गालातून ५-६ मिली पाणी थोडं थोडं दे. हे पाणी विसरायचं नाही. कोरडी गोळी मांजरीच्या अन्ननलिकेत अडकून राहते. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी तिथे भाजल्यासारखी जखम करते आणि पुढे नळी आक्रसते. कुठली गोळी मोडायची नाही आणि कुठल्या एकत्र चालतात, हे डॉक्टरांना लिहूनच माग. तिच्या रोजच्या जेवणात कडू औषध लपवू नकोस. एकदा तिच्या लक्षात आलं की औषधही गेलं आणि जेवणही गेलं.

औषधांची जागा वेगळी ठेव: एखादं टेबल, त्यावर ठरलेला टॉवेल. तिच्या झोपायच्या किंवा खायच्या जागी औषध द्यायचं नाही आणि लपलेल्या कोपऱ्यातून ओढून काढून तर कधीच नाही. सगळी कामं दिवसातून दोनदा, एकदमच उरक. मधल्या वेळेत तुझा हात लागेल तो फक्त कुरवाळायला किंवा कंगवा फिरवायला. हे पाळणारा माणूस मांजरीला महिनोन् महिने औषध देऊ शकतो. न पाळणाऱ्याची मांजर आठवड्यात पलंगाखालून बाहेर यायचं बंद करते.

सलाईनची तुला सर्वात जास्त भीती वाटते आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो. किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, पाणी वाहून जातं आणि ती पिऊनही कोरडी पडते; त्वचेखालचं सलाईन ती तूट भरतं. प्रमाण डॉक्टरांचंच. ४ किलोच्या मांजरीला एका वेळी ७५ ते १०० मिली हे नेहमीचं प्रमाण आहे. पिशवी रिंगर लॅक्टेटसारख्या द्रवाची असते. डेक्स्ट्रोज घातलेली पिशवी त्वचेखाली द्यायची नाही, त्याने ऊतींना इजा होते. लेबल दर वेळी वाच.

पिशवी गरम पाण्याच्या भांड्यात दहाएक मिनिटं ठेव, तोंड पाण्याबाहेर ठेवून. मग मनगटावर दोन थेंब सोडून बघ. गार सलाईन टोचतं आणि मांजर तेच लक्षात ठेवते. पिशवी तिच्यापेक्षा साधारण मीटरभर उंच टांग, कारण उंचीवरच प्रवाह ठरतो. नळीतली हवा काढून टाक. एखादा बुडबुडा त्वचेखाली गेला तरी घाबरू नकोस, शिरेत जात नाही. सुई दर वेळी नवी. एकदा वापरलेली सुई बोथट होते आणि जंतूही नेते. १८ गेजची सुई जाडसर, पण काम दोन-तीन मिनिटांत होतं. २० गेजची बारीक, पण मांजरीला जास्त वेळ बसवावं लागतं. दोन्ही वापरून बघ आणि तिला काय चालतं ते ठरव.

खांद्यांच्या मधली किंवा पाठीच्या बाजूची सैल कातडी चिमटीत उचल, तंबूसारखी घडी होते. सुईचं तिरपं तोंड वर ठेवून, पाठीच्या कण्याला समांतर, घडीच्या पायथ्याशी एका ठाम हालचालीत आत घाल. हळूहळू ढकललेलीच जास्त दुखते. केस ओले झाले तर सुई पलीकडून बाहेर आली आहे. थेंब थांबले तर टोक आतल्या पडद्याला टेकलं आहे; सुई किंचित फिरव किंवा जरा मागे घे. किती गेलं हे पिशवीवरच्या रेषांवरून नेमकं कळत नाही, पिशवी चपटी होत जाते. त्यापेक्षा आधी आणि नंतर पिशवीचं वजन कर. १ मिली म्हणजे जवळजवळ १ ग्रॅम. सुई काढल्यावर अर्धा मिनिट कातडी चिमटीत दाबून धर. एखादा गुलाबी थेंब आला तरी चालतो.

पाठीवर फुगा दिसेल, तो कधी पुढच्या पायाकडे उतरेल. काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तो तसाच असेल तर पुढचा डोस देऊ नकोस, आधी फोन कर. आणि प्रत्येक सलाईनआधी ती झोपलेली असताना श्वास मोज: छाती वर-खाली म्हणजे एक, पूर्ण मिनिटभर. झोपेत ३० च्या आत असायला हवेत. तिचा नेहमीचा आकडा तुला पाठ असू दे. तो चढू लागला तर सलाईन थांबवून कळव. हृदय कमकुवत असलेल्या मांजरीत जादा पाणी फुप्फुसांभोवती साचतं. उघडलेली पिशवी गढूळ दिसली किंवा आत कण दिसले तर फेकून दे, कितीही उरली असली तरी.

एक वही कर. तारीख, वजन, खाल्लेले ग्रॅम, श्वास, उलटी, शी, लिटरमधले (शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूतले) लघवीचे गोळे, दिलेली औषधं. वजन आठवड्यातून दोनदा, त्याच वेळी, १० ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. ४ किलोच्या मांजरीचे ४०० ग्रॅम जाणं म्हणजे दहावा हिस्सा, पण रोज बघणाऱ्या डोळ्याला ते दिसत नाही. म्हाताऱ्या, बारीक मांजरीची कातडी ओढून पाण्याची कमतरता ओळखू नकोस, ती तशीही सैलच असते. हिरड्यांना बोट लावून बघ. चिकट लागल्या तर कोरडी पडली आहे. दोन-तीन दिवस शी नाही किंवा खड्यांसारखी होते, तर तेही सांग. पाणी कमी पडलेल्या मांजरीत बद्धकोष्ठता ठरलेली, आणि त्याने पुन्हा भूक मरते. मान खाली झुकलेली दिसली तर पोटॅशियम तपासायला सांग. लिटर ट्रेची एक बाजू बुटकी असू दे, दुखऱ्या सांध्यांना उंच कड चढवत नाही.

काही गोष्टींना सकाळपर्यंत थांबायचं नसतं: तोंड उघडून श्वास, मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडणं, झटके, आणि ट्रेमध्ये वारंवार बसूनही लघवी न होणं. हे शेवटचं बोक्यांमध्ये जास्त. लघवीची नळी बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

घरातलं औषधाचं कपाट मांजरीसाठी नाही. पॅरासिटामॉलची एकच गोळीही तिला मारू शकते, कारण ते निष्प्रभ करणारी यंत्रणा तिच्या यकृतात जवळजवळ नाहीच. आयबुप्रोफेनही नाही. कुत्र्यांच्या गोचिडांचं परमेथ्रिनवालं औषध नाही. फुलदाणीत लिलीही नको. तिचे पराग चाटूनही किडनी बंद पडते.

दुखत असेल तर ती ओरडणार नाही. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजरीच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची पातळी, या पाचांना प्रत्येकी ० ते २ गुण. १० पैकी ४ किंवा जास्त आले तर वेदनाशामकाची गरज आहे असं समजायचं. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे मिचकावलेले, तोंड ताणलेलं, मिशा ताठ, डोकं खांद्यांखाली. शांत बसलेली असतानाच बघ. लाडातली घुरघुर ऐकून निर्धास्त होऊ नकोस, आजारी आणि वेदनेतली मांजरही तशी घुरघुरते.

शेवटचा प्रश्न, म्हणजे इंजेक्शन देऊन तिला शांतपणे कधी जाऊ द्यायचं, तू लिहिला नाहीस, पण तो तुझ्या पत्रात आहे. त्याची तयारी ती बरी असतानाच कर. अमेरिकी पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी त्यासाठी सात मुद्दे दिले आहेत: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकी ० (सर्वात वाईट) ते १० (सर्वात चांगलं), आणि एकूण ३५ च्या वर असेल तर पुढे चालू ठेवण्यासारखं. माझं मत विचारशील तर श्वास नीट घेता येणं आणि वेदना आटोक्यात असणं याला बेरजेत तोलायचंच नाही. ही दोन गेली तर बाकीचे गुण कितीही असोत, थांबायची वेळ आली. दर रविवारी गुण मांड, म्हणजे एका वाईट रात्रीच्या भरात निर्णय होणार नाही आणि एका चांगल्या सकाळीने तो लांबणारही नाही. डॉक्टर घरी येतात का, आधी गुंगीचं इंजेक्शन देतात का, हे आताच विचारून ठेव. त्यानंतर भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात आणि हृदय काही मिनिटांत थांबतं. डोळे उघडेच राहतात, एखादा श्वास किंवा स्नायूंची हालचाल नंतरही दिसते. तो त्रास नसतो, तिला तेव्हा काही कळत नसतं.

वजनाचा पहिला आकडा आजच वहीत लिही आणि पंधरा दिवसांनी वहीतली पानं मला पाठव.

तुझा हितचिंतक