अँड्रॉइडवर कीडाउनमध्ये कीकोड कायम २२९ का येतो?

तुमचं पान हापूसच्या ऑर्डरी घेतं. मोबाइल नंबरच्या खान्यात कीडाउनवर (की दाबताक्षणी येणारा इव्हेंट) कीकोड, म्हणजे कीचा क्रमांक, ४८ ते ५७ या आकड्यांच्या कीचा नसेल तर तुम्ही प्रिव्हेंटडिफॉल्ट लावून ती अडवता. लॅपटॉपवर झकास चालतं, पण पावसच्या बागायतदाराच्या फोनवर कुठलीही की दाबा, २२९. म्हणून विचारताय, क्रोममध्ये बग आहे का.

बग नाही. २२९ म्हणजे ही की कीबोर्ड ॲपच्या ताब्यात आहे, त्यातून कोणतं अक्षर निघणार ते अजून ठरलेलं नाही. इव्हेंट.की (कीचं अक्षर किंवा नाव) बघितलीत तर तिथेही बहुतेकदा ‘अनआयडेंटिफाइड’, म्हणजे अनोळखी, मिळेल. आणि अशा वेळी कीडाउन अडवूनही अक्षर खान्यात जातंच. म्हणजे फोनवर तुमचा पहारा आहे नावापुरता.

पण खरं सांगू? लॅपटॉपवरही तो झकास नाही, फक्त तुम्हाला दिसलेलं नाही. शिफ्ट धरून २ दाबा. ॲटचं चिन्ह उमटेल, कारण कीकोड ५०च राहतो. पॅकिंग शेडमधल्या डेस्कटॉपवर उजवीकडचा नंबरपॅड असेल तर त्याचे आकडे ९६ ते १०५ देतात, म्हणजे हिशोब लिहिणाऱ्याचे सगळे खरे आकडे तुम्ही अडवताय. बॅकस्पेस ८, टॅब ९, तेही अडले. कंट्रोल-व्हीमधला व्ही ८६, म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेला नंबर तसा पेस्टही करता येत नाही. माउसने पेस्ट केला तर मात्र बिनबोभाट आत! बोलून टाइप करणारे आणि ब्राउझरने आपोआप भरलेले नंबर तर कीडाउनच्या वाटेला जातच नाहीत.

आमच्या वेबसाइट लिहिण्याच्या धंद्यात ‘इतकी वर्षं कीकोड चालतोय, कशाला हात लावा’ म्हणणारा एक पंथ आहे. त्यांच्याशी मी बरेच वाद घातलेत, म्हणून इथेही लिहितो: कोणती की दाबली आणि खान्यात काय आलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्हाला दुसऱ्याचं उत्तर हवंय, तर ‘इनपुट’ इव्हेंट (खान्यातला मजकूर बदलला की येणारा) ऐका आणि खान्याची व्हॅल्यू, म्हणजे आतला मजकूर, वाचा. कीकोड आणि कीप्रेस (अक्षराच्या कीचा जुना इव्हेंट) दोन्ही कधीच मोडीत काढलेत.

खान्याला टाइप ‘टेल’ आणि इनपुटमोड ‘न्यूमेरिक’ द्या, फोनवर आकड्यांचाच कीबोर्ड उघडेल. टाइप ‘नंबर’ नको. तो ‘ई’ हे अक्षर घेतो, आणि मजकूर आकड्यात बसला नाही की व्हॅल्यू रिकामी देतो.

मग देवनागरी आकडे. पार्सइंटला (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) ‘९८’ दिलंत तर नॅन, म्हणजे ‘आकडा नाही’, मिळतं, आणि रेगेक्समधला (मजकूर शोधायचा नमुना) बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. ० ते ९ या देवनागरी आकड्यांचे युनिकोड क्रमांक २४०६ ते २४१५, त्यातून २४०६ वजा करा की झालं. आधी हे रूपांतर, नंतर बाकीची सफाई, म्हणजे आकडे सोडून सगळं काढणं. उलट क्रमाने केलंत तर मराठी कीबोर्डवाल्याचा अख्खा नंबर पुसला जाईल. व्हॅल्यू बदलल्यावर कर्सर शेवटी उडी मारतो, म्हणून त्याची जागा आधी टिपून सेटसिलेक्शनरेंजने परत ठेवा.

गावाच्या नावाचा खाना असेल तर तिथे जास्त जपा. ‘वेंगुर्ले’ डोळ्याला तीन अक्षरं, पण जावास्क्रिप्टला नऊ: व, मात्रा, अनुस्वार, ग, उकार, र, हलन्त, ल, मात्रा. मॅक्सलेन्थ (खान्याची कमाल लांबी) हीच मोजणी धरते. शब्द अजून अधोरेखित, अर्धवट असताना तुमच्या कोडने व्हॅल्यू पुन्हा लिहिली, मग ती फक्त कडेच्या मोकळ्या जागा ट्रिम करून का असेना, तर कीबोर्ड ॲपचा आणि पानाचा मजकूर जुळेनासा होतो. अक्षरं दोनदा येतात किंवा मात्रा सुटते. इझकंपोझिंग (शब्द अजून जुळवला जातोय, ही खूण) खरं असेतोवर व्हॅल्यूला हात लावू नका, सफाई कंपोझिशनएंडलाही (शब्द पक्का झाल्याचा इव्हेंट) जोडा. क्रोममध्ये कंपोझिशनएंडनंतर वेगळा इनपुट येत नाही, त्यामुळे नुसत्या इनपुटवर राहिलात तर शेवटची सफाई राहून जाते. गावांची यादी सुचवायची असेल तर कंपोझिशनएंडची वाट बघू नका, फोनवर स्पेस दिल्याशिवाय तो अनेकदा येतच नाही. व्हॅल्यू फक्त वाचा आणि पाव सेकंद थांबून शोधा, कोकणातली रेंज तुम्हाला ठाऊक आहेच.

एंटरने ऑर्डर पाठवायची तर फॉर्मचा सबमिट इव्हेंट वापरा. यादीतलं गाव निवडायला कीडाउनमध्ये एंटर पकडावाच लागला तर आधी इझकंपोझिंग तपासा, कारण तो एंटर अर्धवट शब्द पक्का करायलाही दाबलेला असू शकतो. सफारीत कंपोझिशनएंड आधी येऊन जातो आणि इझकंपोझिंग खोटं मिळतं, तिथे मात्र २२९ तपासावा लागतो. हो, त्या पंथाला एवढं द्यावं लागेल.

बिफोरइनपुटवर (मजकूर खान्यात जाण्याआधीचा इव्हेंट) अडवता येईल असंही कोणी सुचवेल. साध्या टायपिंगला आणि पेस्टला येतं, पण कंपोझिशनचा मजकूर तिथे अडवता येत नाही, म्हणजे तुमची मूळ अडचण तशीच.

कीडाउन अगदी टाकाऊ नाही. शॉर्टकट, बाण, एस्केप यांना तोच लागतो. की दाबून धरली तर इव्हेंट.रिपीट बघा. अक्षराचा शॉर्टकट असेल तर इव्हेंट.कोड (कीची जागा) घ्या, कारण इनस्क्रिप्टवर (मराठी कीबोर्डची एक मांडणी) के दाबलं की इव्हेंट.की ‘क’ देते, कोड ‘कीके’च राहतो. आणि दहा आकडे आहेत का हे सर्व्हरवरही तपासा, पानावरची तपासणी कोणीही बंद करू शकतो.