टेलेमार्क स्कीइंगचं सामान कोणतं घ्यावं, आणि इतकं अवघड असूनही लोक ते सोडत का नाहीत?

भाऊ, तुम्ही विचारलं की औलीला बेसिक कोर्स झाला, साध्या अल्पाइन स्कीवर बऱ्यापैकी उतरता येते, पण तिथं एकाला टाच मोकळी ठेवून, गुडघा खाली नेत वळताना पाहिलं तेव्हापासून तेच डोक्यात बसलं, तर सामान काय घेऊ, आणि अल्पाइनचं एवढं भारी सामान निघालं असताना लोक हे जुनं तंत्र अजून का धरून आहेत. मी अचलपूर तालुक्यातला, संत्र्याची बाग आणि थोडी कोरडवाहू. तूर घरात आली की हरभरा निघायच्या आधी जो वेळ सापडतो त्यात गुलमर्गला जातो आणि तिथं टेलेमार्कच करतो. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण सामान कोणतं घ्यायचं ते त्याच्यावरच ठरते.

अल्पाइनमध्ये बूट पुढून आणि मागून स्कीला पक्का बसवलेला असते. टेलेमार्कमध्ये फक्त पुढचा भाग अडकलेला, टाच मोकळी, अंगठ्याची चप्पल घालून चालताना टाच उचलते ना, तशी. वळताना बाहेरचा पाय पुढे जातो, आतला मागे राहते, त्याची टाच वर आणि गुडघा खाली, आणि दोन्ही स्की मिळून बर्फावर एकच लांब कमान होते. पाहणाऱ्याला वाटते की सगळी करामत गुडघ्याची आहे, पण ती मागच्या पायाच्या चवड्याची आहे. वजन दोन्ही पायांवर जवळपास सारखं पायजे. नवीन माणूस सगळं वजन पुढच्या पायावर टाकते, मग मागची स्की नुसती फरफटत येते आणि बर्फ जरा कडक लागला की भलतीकडेच निघून जाते. ज्या दिवशी चवड्याखाली मागची स्की दाबली जाते आणि ती पण वळण कापून राहिली हे पायाला कळते, त्या दिवसापासून माणूस याच्यातून सुटत नाही, मी तरी नाही सुटलो.

अल्पाइनमध्ये पुढे-मागे तोल गेला तर बूट आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, सांभाळून घेतात, नडगी बुटावर टेकवली की काम भागते. इथं तो आधारच कमी आहे. पुढे जास्त झुकलात की तोंडावर, मागे बसलात की स्की हातची गेली. तोल सतत स्वतःच्या शरीरानं धरायचा, आणि प्रत्येक वळणाला पाय बदलायचे, म्हणजे ज्या उतारावर अल्पाइनवाला दोन दिवसात कंटाळते तोच उतार टेलेमार्कवाल्याला वर्षानुवर्षे पुरते. खोल पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, तर शरीर इतकं खाली असते की बर्फ छातीपर्यंत उडते, ते सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही, खरं सांगतो.

आता इतिहास थोडा, कारण तो मला फार जवळचा वाटते. नॉर्वेत टेलेमार्क नावाचा भाग आहे, तिथल्या मोर्गेडाल गावचा सोन्द्रे नोरहाइम, जन्म १८२५ चा, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या गरीब घरातला माणूस. त्याच्या आधी बूट स्कीला फक्त पुढच्या पट्ट्यात अडकवत, त्यामुळे उडी मारली की स्की पायातून निघायची. त्यानं झाडाच्या लवचिक फांद्या-मुळ्या पिळून टाचेमागून घेतल्या, म्हणजे टाच उचलता पण येते आणि स्की निघत पण नाही, आणि स्की मधे बारीक अन् पुढे-मागे रुंद ठेवली, म्हणून ती सोपी वळते. १८६८ मध्ये चाळिशी ओलांडलेला हा माणूस राजधानीत, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियात, आजच्या ओस्लोत, स्पर्धेला गेला आणि शहरातले लोक पाहतच राहिले. पुढे १८८४ ला तो अमेरिकेत गेला, नॉर्थ डकोटात १८९७ मध्ये वारला. १९५२ च्या ओस्लो हिवाळी ऑलिम्पिकची ज्योत मोर्गेडालच्या त्याच्या घरातल्या चुलीतून पेटवली होती. शेतात राबणाऱ्या माणसानं गावात जे हाताशी होतं त्यातून हे उभं केलं, हे मी आमच्या गावातल्या पोरांना दरवेळी सांगतो.

नंतर टाच बांधणारी बाइंडिंग आली, लिफ्ट आल्या, आणि उतरायच्या खेळात टेलेमार्क मागे पडलं. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटमधल्या काही जणांनी ते परत बाहेर काढलं आणि तिथून पुन्हा पसरलं. आज त्याचा वर्ल्ड कप होते, पण ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र स्पर्धा नाही. मात्र स्की जंपिंग पाहाल तर उतरताना एक पाय पुढे एक मागे ठेवतात, ती टेलेमार्क लँडिंगच, आणि तशी नाही उतरला तर मार्क कापतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जुन्या काळी टेलेमार्कचा मोठा फायदा होता की एकाच सामानावर चढता, सपाटीवर चालता आणि उतरता यायचं. आता तो फायदा राहिला नाही. टूरिंगची, म्हणजे स्कीवरच डोंगर चढून मग उतरायची, जी पिनवाली बाइंडिंग निघाली त्यात चढताना टाच मोकळी आणि उतरताना बंद, वजन पण एकदम कमी. तेव्हा तुम्हाला फक्त डोंगर चढून खाली यायचं असेल तर ते घ्या, मी तेच सांगीन. टेलेमार्क घ्यायचं तर त्या वळणासाठी घ्या. ते वळणच पाहून तुमच्या डोक्यात बसलं ना, मग पुढं वाचा.

पैसे आधी बुटावर घाला. स्की कोणतीही चालून जाते, बूट नाही चालत. टेलेमार्कच्या बुटाला बोटांच्या वरच्या बाजूला घड्या असतात, तिथून तो वाकते, आणि ती घडी तुमच्या पायाच्या चवड्यावरच आली पायजे. मागेपुढे आली तर बोटं दाबून जातात आणि मागच्या पायावर वजन जातच नाही, मग माणूस वर्षभर म्हणत राहते की मला जमत नाही. आपल्याकडे उन्हाळाभर चप्पल घालून किंवा अनवाणी वावरणाऱ्यांचे पंजे रुंद असतात, त्यामुळे लांबी बरोबर आली तरी रुंदीत चावते. पायाचं माप सेंटिमीटरमध्ये संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असते, दोन्ही पायांचं घ्या, आणि आतला लायनर, म्हणजे बुटातला मऊ बूट, गरम करून पायावर बसवता येणारा बघा. स्कार्पा आणि क्रिस्पी ह्या दोन इटालियन कंपन्या आहेत, फिरून फिरून त्यांच्याकडेच यावं लागते.

बूट घेताना बाइंडिंगचा प्रकार पण ठरून जाते, म्हणून दोन्ही एकदमच विचारात घ्या. जुना प्रकार ७५ मिलिमीटरचा, बुटाला पुढं बदकाच्या चोचीसारखा चपटा भाग, त्याच्या खाली तीन भोकं, बाइंडिंगच्या तीन पिना त्यात बसतात, किंवा टाचेमागून स्प्रिंगची केबल येते. हा तीन पिनांचा प्रकार नॉर्वेच्या रॉटेफेल्ला कंपनीनं १९२७ पासून रूढ केला. साधा, मजबूत, बिघडला तर पाना-पेंचिसनं कुठंही दुरुस्त होते, अमेरिकेतली व्होइले कंपनी अजून बनवते. त्याच रॉटेफेल्लानं २००७ ला एनटीएन, म्हणजे न्यू टेलेमार्क नॉर्म, आणलं, त्यात चोच नाही, बुटाच्या तळाला मधे एक खाच आहे तिथं बाइंडिंग पकडते, त्यामुळे स्कीच्या काठावर जोर जास्त मिळते, आणि पडल्यावर सुटायची सोय बऱ्याच मॉडेलमध्ये असते. आता तर पुढे दोन पिना आणि मागे एनटीएनची पकड असे पण निघाले, फ्रान्सचं मेइडजो, अमेरिकेत ट्वेंटी टू डिझाइन्सचं लिंक्स, त्यात चढताना स्प्रिंग अजिबात ओढत नाही.

माझं मत विचाराल तर नवीन घ्यायचं असेल तर एनटीएनच घ्या, कारण नवीन बूट आता त्याच्यातच येऊन राहिले, ७५ चे कमी कमी होत चालले. पण कोणी परदेशी पाहुणा सीझनच्या शेवटी ७५ चा पूर्ण सेट स्वस्तात विकून चालला आणि बूट तुमच्या पायाला बसला, तर डोळे झाकून नका घेऊ, पण घ्या. तपासायचं काय तर घडीत बारीक चिरा आहेत का ते बूट वाकवून उजेडात पाहा, पिनांची भोकं गोल आहेत की झिजून लांबट झाली ते पाहा, आणि प्लास्टिक नखानं दाबून पाहा, काही जुनं प्लास्टिक वर्षानुवर्षे दमट हवेत राहून आतून कुजते आणि एके दिवशी तुकडे पडतात. नवीन सगळं घेतलं तर खर्च लाखाच्या बराच वर जाते, त्यात कस्टम ड्युटी वेगळी. भाड्यानं मिळेल या भरवशावर राहू नका, दुकानांत बहुतेक सगळं अल्पाइनचंच असते.

स्कीचं फार डोकं नका लावू. अल्पाइनची हलकी टूरिंग स्की चालते, कमरेत, म्हणजे स्कीच्या मधल्या भागाची रुंदी, ९० ते १०० मिलिमीटर, उंची तुमच्या नाका-कपाळाइतकी. टेलेमार्कची वेगळी स्की लागते असं कोणी म्हटलं तर पैसे वाचवा. गुडघ्याला पॅड मात्र घ्याच, बर्फ कमी असला की खाली दगड असतात आणि गुडघा नेमका तिथंच उतरते.

आता जरा गंभीर. ७५ च्या बहुतेक बाइंडिंग पडल्यावर सुटत नाहीत. साध्या उतारावर ठीक आहे, पण हिमस्खलनात पायाला अडकलेली स्की माणसाला खाली ओढते. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, दुसऱ्या टप्प्यात अफरवत डोंगरावर जवळपास ३९५० मीटरवर नेऊन सोडते आणि तिथून बाहेरचा सगळा डोंगर मोकळा दिसते, म्हणून माणसाला मोह होते. स्की पेट्रोलचं त्या दिवसाचं हिमस्खलनाचं बुलेटिन वाचल्याशिवाय, ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा सिग्नल शोधणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि ते वापरता येणारा सोबती असल्याशिवाय हद्दीच्या दोरीच्या बाहेर जाऊ नका. पहिला सीझन खालच्या उतारांवरच काढा, टेलेमार्क तिथंच शिकून होते.

तयारी इथंच करता येते, त्याला बर्फ नाही लागत. मी चिखलदऱ्याच्या घाटात करतो. चढणं तर आहेच, पण मांड्यांना खरी तयारी उतरताना होते, म्हणून पाठीवर वजन घेऊन हळूहळू उतरा. आणि एक पाय पुढे एक मागे घेऊन बसा-उठा करा, मागची टाच उचललेली, वजन अर्धं मागच्या चवड्यावर, आणि खालीच राहून पाय बदला. साध्या उठाबशांनी हे होत नाही. दिवाळीपासून सुरू केलं तर जानेवारीत फरक जाणवते.

शेवटी साठवणीचं, जे परदेशी व्हिडिओत कोणी सांगत नाही कारण त्यांच्याकडे आपल्यासारखा मे महिना नसते. चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीखाली जे स्किन, म्हणजे चिकटणाऱ्या पट्ट्या, लावतात त्याचा गोंद ४५ डिग्रीत पातळ होऊन स्कीवर राहून जाते, किंवा दोन स्किन एकमेकांना चिकटल्या की सुटतच नाहीत. मधे त्याची जाळी किंवा कागद घालून गुंडाळा आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमलं तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, पत्र्याच्या खोलीत अजिबात नाही. स्कीच्या तळाला मेणाचा जाड थर देऊन तसाच ठेवा, खरडू नका, लोखंडी काठावर पण तो जाऊ द्या म्हणजे पावसाळ्यात गंजत नाही. बुटाचे लायनर बाहेर काढून पूर्ण वाळवा, परत घाला आणि बकल हलके लावून ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात प्लास्टिकचा आकार बदलते.