होडीला पंखा कुठला बसवू?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : मालवणला स्नॉर्कलिंगसाठी २३ फुटी फायबरची होडी चालवतो. ४० एचपीचे फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड (मागच्या फळीला टांगलेले इंजिन) आहे, खालचा गिअर २:१ (इंजिनाचे दोन फेरे, पंख्याचा एक), पंखा म्हणजे प्रोपेलर ११ पिचचा. दोघेच असलो की इंजिन ५७०० आरपीएमला जाते आणि जीपीएसवर २१ नॉट (ताशी सागरी मैल) दिसतात. दहा पर्यटक आणि सामान चढले की ४७०० च्या वर सरकत नाही. वेग १० नॉट, नाळ (होडीचे पुढचे टोक) वर आणि मागची बाजू पाण्यात बसलेली. जास्त पिचचा पंखा घे असे सगळे सांगतात. घेऊ का?

उत्तर : नको. तुम्हाला पिच कमी करायचा आहे.

पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू फिरवावा तसा पंखा पाण्यात फिरला असता, तर एका फेऱ्यात जितके इंच पुढे गेला असता तो पिच. पाणी लाकूड नाही, म्हणून तो प्रत्यक्षात कमी जातो. ही घट म्हणजे स्लिप. हिशेब सोपा आहे : आरपीएम भागिले गिअर रेशो, गुणिले पिच, भागिले १२१५. उत्तर नॉटमध्ये येते. दोघे असताना तुमचा आकडा २५.८ येतो आणि होडी २१ ने जाते, म्हणजे स्लिप साधारण १९ टक्के. पाण्यावर उचलून धावणाऱ्या होडीला हे ठीकच. भरलेल्या होडीत आकडा २१.३ आणि वेग १०, म्हणजे स्लिप ५३ टक्के. पंखा पाणी घुसळतोय आणि होडी स्वतःच्याच लाटेवर चढू शकत नाही. घाटात चौथ्या गिअरवर गाडी काढावी तसे हे चालले आहे.

या ताकदीच्या बहुतेक फोर-स्ट्रोक इंजिनांची पूर्ण थ्रॉटलची मर्यादा ५००० ते ६००० आरपीएम असते. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला आकडा एकदा पाहून घ्या. नेहमीच्या भाराने इंजिन त्या मर्यादेत आलेच पाहिजे. ४७०० वर अडकवून दिवसभर पूर्ण थ्रॉटल दिलात तर इंजिन गुदमरते, तापते आणि पेट्रोल खाते. एक इंच पिच कमी केला की १५० ते २०० आरपीएम वाढतात. म्हणून ९ पिच घ्या, भरलेली होडी ५००० ते ५१०० ला येईल. मात्र रिकामी असताना तीच होडी ६००० च्या वर जाऊ पाहील. बंदरात परतताना थ्रॉटल पूर्ण उघडायचा नाही, एवढी शिस्त पाळावी लागेल. चार पात्यांचा पंखा भरलेल्या होडीला लवकर उचलतो आणि वळणावर पाणी सोडत नाही. पण त्याच पिचला तो सुमारे १०० आरपीएम खातो. बसवायचाच तर तोही ९ चा, त्याहून जास्त नाही.

पैसे खर्चण्याआधी तीन गोष्टी तपासा. तळाला शेवाळ आणि कालवे धरली असतील तर खरवडून काढा. नुसत्या त्यानेही दोन-तीनशे आरपीएम परत येतात. ट्रिमची, म्हणजे इंजिनाचा कल ठरवणारी पिन होडीच्या अगदी जवळच्या भोकात घाला आणि चार माणसे पुढे बसवा, म्हणजे नाळ खाली येईल. तिसरी गोष्ट इंजिनाची उंची. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती तळाच्या रेषेत किंवा फार तर एक इंच वर हवी. त्याहून वर गेली की वळताना पंखा हवा ओढतो : इंजिन एकदम किंचाळते आणि वेग पडतो. फार खाली असेल तर गिअरचा भाग नुसताच पाण्यात ओढला जातो. इंजिन १५ इंची शाफ्टचे आणि होडीची मागची फळी २० इंचांची, असली जोड कोणत्याही पंख्याने सुटत नाही. फळी वरच्या कडेपासून तळापर्यंत मधोमध मोजा.

एक कडू गोष्ट. ४० एचपीवर दहा पर्यटक, सामान आणि तुम्ही दोघे, हे ओझेच जास्त आहे. ९ पिचने इंजिन वाचेल, होडी उडायला लागणार नाही.

प्रश्न : हर्णैला ३२ फुटी मच्छीमार नौका आहे. जुने इंजिन काढून जास्त एचपीचे डिझेल बसवले, गिअरबॉक्स आणि पंखा जुनाच ठेवला. इंजिनाच्या पाटीवर २४०० आरपीएम लिहिले आहे, पण १९५० च्या वर जात नाही आणि काळा धूर सोडते. वेग पूर्वीइतकाच, सात नॉट. इंजिन खराब आहे का?

उत्तर : आधी गिअर न्यूट्रलमध्ये टाकून थ्रॉटल द्या. आरपीएम सरळ २४०० च्या पुढे गेले, तर डिझेलचा पंप आणि गव्हर्नर (आरपीएम राखायला डिझेल कमी-जास्त करणारा भाग) बहुधा ठीक आहेत. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर पाहून घ्या. ते स्वच्छ असतील तर दोष पंख्याचा.

पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाने वाढते. इंजिनाला शोभणारा पंखा १९५० वर पूर्ण ताकदीच्या जेमतेम ५४ टक्के मागेल. तुमचा पंखा मात्र तिथेच इंजिनाकडे आहे तेवढे सगळे मागून घेतो. गव्हर्नर डिझेल ओतत राहतो, हवा तेवढीच असते, म्हणून काळा धूर. असेच चालवत राहिलात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन जळतील, आणि तेव्हा दोष नव्या इंजिनाला दिला जाईल. बर्फ, जाळी, डिझेल, खलाशी असा पूर्ण भार चढवून इंजिन २४०० किंवा किंचित वर गेले की पंखा बरोबर. रोजचे चालवणे त्याच्या दोनशे-तीनशे खाली ठेवा.

दोन वाटा आहेत. स्वस्तातली म्हणजे पितळी पंखा दुरुस्तीवाल्याकडे देऊन पिच एक-दोन इंच उतरवून घेणे. प्रत्येक पाते त्याने गेजवर मोजले पाहिजे. नजरेने ठोकलेली तीन पाती तीन पिचची होतात आणि मग शाफ्ट थरथरतो. दुसरी वाट ३:१ चा गिअर घेऊन मोठ्या व्यासाचा पंखा संथ फिरवणे. ट्रॉल (मागून ओढायचे जाळे) ओढणाऱ्यांना हाच लाभतो. मात्र पात्याचे टोक आणि तळ यांत व्यासाच्या १५ टक्के जागा हवी, अगदीच नाही तर १० टक्के. २४ इंची पंख्याला साडेतीन इंच धरा. जागा कमी पडली तर प्रत्येक पाते तळाला पाण्याचा दणका देते आणि फळ्यांचे सांधे सैल होतात.

वेगाची आशा सोडा. पाण्याच्या रेषेवर २८ फूट भरणाऱ्या जड नौकेची सहज चाल सुमारे सात नॉट. त्यापुढचा प्रत्येक अर्धा नॉट डिझेल पिऊन मिळतो.

पंखा परत बसवताना आधी चावीशिवाय (पंखा शाफ्टवर फिरू न देणाऱ्या पट्टीशिवाय) टेपरवर, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, घट्ट सरकवा आणि शाफ्टवर खूण करा. मग चावी घालून पुन्हा बसवा. त्याच खुणेपर्यंत आला नाही तर पंखा टेपरवर नाही, चावीवर बसला आहे. चावी घासून कमी करा, नाहीतर शाफ्ट तिथूनच तुटतो. कपलिंगचे (गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांच्या जोडाचे) अलाइनमेंट नौका पाण्यात उतरवून दुसऱ्या दिवशी करा, कारण किनाऱ्यावर टेकलेली नौका वेगळी वाकलेली असते. पाच इंची कपलिंगला फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारी बाजूंचा फरक पाच थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत हवा. शाफ्ट नौकेबाहेर जातो तिथला पाणी अडवणारा ग्लँड कोरडा ठणठणीत आवळू नका. चालताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडू द्या.

प्रश्न : किनाऱ्यावरची स्पीडबोट तापोळ्याला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात आणली. तेच इंजिन, तोच पंखा, पण जोर कमी वाटतो.

उत्तर : कमीच आहे. तापोळा समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे. दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्के ताकद विरळ हवा खाते, म्हणजे तुमची सहा-सात टक्के गेली. एक इंच पिच कमी करा. शिवाय जस्ताचे अ‍ॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) काढून मॅग्नेशियमचे लावा. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते झिजेनासे होते, मग झिजते गिअरचे अ‍ॅल्युमिनियम. बोट पुन्हा समुद्रात नेताना मॅग्नेशियम आठवणीने काढा, खाऱ्या पाण्यात ते फार झपाट्याने संपते.

प्रश्न : स्टीलचा पंखा घ्यावा का?

उत्तर : खोल, स्वच्छ पाण्यात वेगाने धावत असाल तर घ्या. पाती पातळ असतात, वाकत नाहीत, एखाद-दोन नॉट जास्त मिळतात. खडकाळ किनारा किंवा मे महिन्यात उघडी पडणारी धरणातली खोडे असतील तर अ‍ॅल्युमिनियमच बरा. धक्का बसला की तो स्वतः वाकतो. स्टील वाकत नाही, मग तो धक्का शाफ्ट आणि गिअर सोसतात. दोन्हींत आत रबराचा बुश असतो. आपटल्यावर इंजिन फिरते आणि होडी ढकलत नाही, असे झाले तर आतल्या नळीवर आणि बाहेरच्या बोसावर (पाती जोडलेल्या मधल्या गोल भागावर) मिळून एक सरळ रेघ ओढा, जोरात चालवा आणि पुन्हा पाहा. रेघ तुटलेली दिसली तर बुश सुटला आहे.

पंखा काढलाच आहात तर मागे गुंडाळलेली नायलॉनची दोरी शोधा. ती सील कापते. गिअर ऑइल दुधासारखे पांढरे निघाले तर पाणी आत शिरले आहे. सील बदलल्याशिवाय नवे ऑइल भरू नका. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस लावा आणि नट अडकवणारी कॉटर पिन दर वेळी नवी घाला.