मोठ्या कंपन्या व्हेंडर (माल पुरवणारा) कसा निवडतात? नाशिकच्या अंबडमध्ये छोटं सीएनसी युनिट (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर सुटे भाग बनवण्याचं) आहे, ओळख कुठून काढू?

दर शेवटी येतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. कंपनीकडून ऑडिटला येणारा माणूस आधी गेजचं कॅलिब्रेशन (मोजमापाची साधनं बरोबर मोजतात का, याची तपासणी), रिजेक्शनची म्हणजे नापास मालाची नोंद आणि 'मशीन बंद पडलं तर पर्याय काय?' हे बघतो. वाहन उद्योगाला थेट माल द्यायचा तर आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र) बहुतेक ठिकाणी विचारतातच. सुरुवातीला आयएसओ ९००१ या सर्वसाधारण गुणवत्ता प्रमाणपत्रावर एखाद्या मोठ्या व्हेंडरचं जॉबवर्क (त्याच्या ऑर्डरमधलं काम करून देणं) धरा. सातपूर-अंबडमधली बरीच कामं अशीच हातातून हातात फिरतात.

ओळखीसाठी निमा आणि आयमा या नाशिक-अंबडच्या उद्योजक संघटनांच्या बैठकांना जा. खरं सांगायचं तर हीट ट्रीटमेंटवाला (भाग तापवून कडक करणारा) आणि प्लेटिंगवाला (भागांना मुलामा देणारा) जास्त कामाचे; कोणाकडे लोड जास्त झालाय हे त्यांना आधी कळतं. माझी पहिली ऑर्डर अशीच आली, चहाच्या टपरीवर.

गिऱ्हाईक तुम्हीही निवडायचं असतं. जीएसटी पोर्टलवर समोरच्याची रिटर्नं वेळेत भरली जातात का, ते बघा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या: २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म-लघु पुरवठादाराचं पेमेंट लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. आणि एकाच गिऱ्हाइकावर सगळं शेड चालवू नका. मी चालवलं होतं, त्यांनी मॉडेल बंद केलं आणि माझी दोन मशीनं चार महिने झाकून ठेवावी लागली.