वाचकांचे प्रश्न : नारळीकरांची कुंडली-चाचणी

प्रश्न : डॉ. जयंत नारळीकरांच्या पुण्यातल्या फलज्योतिष चाचणीत एका ज्योतिषाची ४० पैकी २४ उत्तरं बरोबर आली. निम्म्याहून जास्तच ना? मग निकाल ज्योतिषाच्या विरोधात कसा? (सदाशिव पेठ)

उत्तर : २४ हा आकडा सुटा बघितला की फसगत होते. २००८ सालच्या या चाचणीत नारळीकरांसोबत प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे होते. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या मांडून, सांकेतिक क्रमांक घालून त्या पुणे विद्यापीठात ठेवल्या. कुठली कुणाची, हे ज्योतिषांना ठाऊक नव्हतं आणि चाचणी घेणाऱ्यांनाही. प्रत्येकाला ४० कुंडल्या. मूल हुशार की मतिमंद एवढंच सांगायचं.

नाणं उडवलं तरी सरासरी २० बरोबर येणार, त्यात तीनेकची घटबढ. म्हणून यशाचा उंबरठा २८ ठेवला. नुसत्या अंदाजाने तो गाठण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. २४ किंवा जास्त येण्याची मात्र शंभरात तेरा! उत्तरं २७ जणांची आली, म्हणजे निव्वळ अंदाजानेही तिघाचौघांनी २४ गाठायला हवे होते. गाठले एकाने. सगळ्यांची सरासरी ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या, १०२ बरोबर निघाल्या.

कॉलेजात असा प्रयोग करायचा असेल तर किल्लीची यादी (कुठला क्रमांक कुणाचा) एकाकडे आणि पाकिटं दुसऱ्याकडे द्या. दोन्ही गटांची जन्मवर्षं सारखी हवीत. नाहीतर शनी-गुरूच्या राशींवरून वय कळतं आणि वयावरून गट. उंबरठा आधीच लिहून ठेवा. निकाल पाहून ठरवलेल्या उंबरठ्याला काही अर्थ नाही. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या होत्या, त्यातले २४ गप्प बसले. गप्प बसलेल्यांची नोंदही ठेवायची असते.

प्रश्न : नारळीकरांनी महास्फोट (विश्वाची सुरुवात एका स्फोटातून झाली, हा सिद्धांत) का नाकारला? (कोथरूड)

उत्तर : नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉईल स्थिर-स्थिती विश्व मानत : विश्व प्रसरण पावतं, पण त्याला सुरुवात नाही आणि नवं द्रव्य तयार होत राहिल्याने त्याचं रूप बदलत नाही. महास्फोट मानणाऱ्यांशी त्यांचा वाद मोजणीतून पेटला. रेडिओस्रोत (रेडिओलहरी सोडणाऱ्या आकाशातल्या वस्तू) सगळीकडे सारखे विखुरलेले असतील, तर तीव्रतेची मर्यादा चौथाईवर आणली, म्हणजे चौपट मंद स्रोतही मोजले, की मोजलेले स्रोत ८ पट होतात. स्थिर-स्थिती विश्वात त्याहून कमीच व्हायला हवेत. १९६१ साली केंब्रिजच्या मार्टिन राईल यांच्या मोजणीत ते सुमारे १२ पट निघाले. विखुरणं असमान असेल तरी असा आकडा येऊ शकतो, असं उत्तर हॉईल-नारळीकरांनी दिलं.

खरी अडचण १९६५ साली जाहीर झालेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाने केली. सगळ्या आकाशातून येणारं हे मंद प्रारण महास्फोटाची शिल्लक मानलं जातं. १९९३ साली हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी मांडलेल्या स्थिर-स्थितीच्या सुधारित प्रतिमानात (मॉडेलमध्ये) ते प्रारण म्हणजे लोखंडाच्या सुईसारख्या सूक्ष्म कणांनी शोषून पुन्हा सोडलेला ताऱ्यांचा प्रकाश. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांना ते पटलं नाही.