पॅपची रायफल आणि कार्डावरचे ४,३०० डॉलर

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कॅल्क्युलेटर घेऊन बसले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आधी तुमची हकिगत थोडक्यात सांगते.

हे वाचक मूळचे सांगलीचे. वीसेक वर्षांपासून पेनसिल्व्हेनियात अल्टूनाजवळ राहतात, आता तिथले नागरिक आहेत. शेजारी रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक आजोबा होते. त्या भागात आजोबांना ‘पॅप’ म्हणतात, म्हणून यांच्या मुलींचेही ते पॅपच झाले. थँक्सगिव्हिंगनंतर हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की पॅप यांना पहाटे चारला उठवून डोंगरातल्या कॅम्पवर न्यायचे. दोन वर्षांपूर्वी पॅप गेले आणि स्वतःची १९५१ सालची विंचेस्टर मॉडेल ९४ रायफल मृत्युपत्रात यांच्या नावे ठेवून गेले. या जानेवारीत घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडली. नवी बसवली, आणि क्रेडिट कार्डावर ४,३०० डॉलर कर्ज राहिलं, २४ टक्के व्याजाने. बंदुकांचा दुकानदार रायफलचे ७५० डॉलर द्यायला तयार आहे. पत्नीचं म्हणणं असं, की डोक्यावर कर्ज असताना ७५० डॉलर कपाटात उभे करून ठेवणं बरोबर नाही. यांनी विचारलंय, “मी भावनेच्या भरात चूक करतोय का?”

माझं मत आधीच सांगते: पॅपची रायफल विकू नका. मात्र ठेवायलाही पैसे पडतात. किती पडतात ते तुम्ही आणि वहिनींनी एकत्र बसून बघा, कारण वहिनींचा मुद्दा हिशेबाला धरून आहे.

आधी भावाचं बघू. ७५० हा आकडा ऐकून तुम्हाला वाईट वाटलं, असं पत्रात आहे. पण दुकानदाराने तुम्हाला फसवलेलं नाही. मॉडेल ९४ बाजारात आली १८९४ साली, जॉन ब्राउनिंग यांनी केलेली रचना. पुढच्या शंभरेक वर्षांत अशा सत्तर लाखांहून जास्त रायफली बनल्या, त्यामुळे ती दुर्मिळ नाही. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवण्यासाठी बनावट बदलली, म्हणून त्याआधीच्या रायफलींना संग्राहक जास्त मोजतात. तुमची १९५१ ची, म्हणजे त्या चांगल्या काळातली. मग भाव का पडला? त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. डोळे अधू झाल्यावर पॅपनी तिला दुर्बीण बसवून घेतली होती. जुन्या मॉडेल ९४ मधून रिकामं काडतूस वरच्या बाजूने उडतं, त्यामुळे दुर्बीण मधोमध बसत नाही, बाजूला बसवावी लागते. त्यासाठी पोलादात भोकं पाडली. पुढे दुर्बीण काढली, आणि त्या भोकांत पॅपनी स्वतःच्या हाताने बारीक स्क्रू घट्ट बसवले. संग्राहकाच्या लेखी ती भोकं म्हणजे खोट, तिथेच किंमत उतरते.

दुसरी गोष्ट, तुम्ही लिहिलंय की रायफलच्या पोटाखाली निळसर-काळा रंग उडून पोलाद चांदीसारखं चमकतं. ही रायफल एका हातात धरून चालायचं तर तोल नेमका तिथेच साधतो, म्हणून हात तिथेच बसतो. ती जागा पॅपच्या तळहाताने घासली आहे, साठेक हंगाम. दुकानदार याचेही पैसे कापतो. आजीच्या पाटल्या सराफाकडे नेल्या की तो वजन करतो, घट धरतो, घडणावळ सोडून देतो. पाटल्यांवरचे चरे कुठल्या जात्यावर पडले ते विचारत नाही. तो त्याच्या जागी बरोबर असतो. तुम्ही मात्र त्याच्या जागी नाही. तुम्हाला ज्यासाठी ती रायफल हवी आहे, नेमकं त्याचेच बाजार पैसे कापतो. म्हणून ७५० हा तुमच्या आठवणीचा भाव आहे असं मनात आणू नका. (एक विनंती: रंग पुन्हा चढवून ‘नवी’ करू नका. संग्राहकी भाव आणखी पडेल, आणि तुमच्या दृष्टीने तर तिचा जीवच जाईल.)

आता तुमची शंका, की हा नुसता मोह तर नाही? शंका रास्त आहे. १९९० मध्ये डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि कितीला विकाल ते विचारलं. ज्यांना दिले नव्हते त्यांना कितीला घ्याल ते विचारलं. हातात मग असलेल्यांनी घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त किंमत सांगितली. काही मिनिटांपूर्वी मिळालेला साधा मग, आणि तोही सोडवेना! आपल्या हातात आहे म्हणून वस्तू मोठी वाटते, ही माणसाची जुनी खोड आहे. माझ्याकडे पैशांचा सल्ला घ्यायला येणारे लोक जुने शेअर आणि गावाकडचे पडीक प्लॉट याच खोडीपायी वर्षानुवर्षं धरून ठेवतात.

पण मोह आणि माया यांत फरक करता येतो, आणि मी तो असा करते. समजा, कोणी तुम्हाला १९५१ चीच दुसरी मॉडेल ९४ देऊ केली: भोकं नाहीत, रंग शाबूत, आणि वर रोख ३०० डॉलर. अदलाबदल कराल? ज्याला फक्त वस्तूचा मोह आहे तो लगेच हो म्हणेल, कारण वस्तू जास्त चांगली मिळतेय. तुम्ही पत्रात लिहिलंय की दुकानदाराने दुसरी, चकचकीत विंचेस्टर काढून दाखवली तेव्हा तुम्ही ती हातातही घेतली नाहीत. माझ्यासाठी तेवढं पुरे आहे. पॅपना जाऊन दोन वर्षं झाली, तरी तुम्हाला तीच हवी आहे.

याच तुमच्या कपाटात दुसरी रायफल उभी आहे, तिला हीच परीक्षा लावू. २०१६ मध्ये सेलमध्ये घेतलेली .३०८ (हे काडतुसाचं माप) बोल्ट ॲक्शन, दुर्बिणीसकट, दोनदाच वापरलेली. दुकानदार तिचे ४०० देतोय, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. तिच्याबद्दल आख्ख्या पत्रात एकच ओळ आहे. ती विका.

आणि आता कर्ज. खरं दुखणं इथे आहे, रायफलवरच्या वादात ते बाजूला पडलं. महिन्याला ४०० डॉलर भरू शकतो, असं तुम्ही म्हणता. काहीच न विकता कार्डावरच भरत राहिलात, तर सव्वाबारा महिने लागतील आणि व्याज सुमारे ५९० डॉलर जाईल. पॅपची रायफल विकून ७५० भरलेत, तर दहा महिन्यांत मोकळे व्हाल, व्याजात साधारण १९० वाचतील. वहिनी म्हणतात ते हेच.

आता दुसरा रस्ता बघा. तुम्ही कामावरच्या क्रेडिट युनियनचे, म्हणजे आपल्याकडच्या पतसंस्थेसारख्या संस्थेचे, सभासद आहात आणि तिथे ११ टक्क्यांनी पर्सनल लोन मिळेल, असं त्यांनी तुम्हाला सांगितलंय. (फेडरल क्रेडिट युनियनला सहसा कर्जावर १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, हे आपल्या अनेक लोकांना माहीत नसतं.) तेवढंच कर्ज तिकडे हलवलं, तरी व्याज ५९० वरून २५० च्या आसपास येतं. काहीही न विकता ३४० डॉलर वाचले, म्हणजे रायफल विकून वाचणाऱ्या व्याजाहून जास्त! त्यात .३०८ चे ४०० घाला. सव्वादहा महिन्यांत कर्ज फिटेल आणि एकूण व्याज २०० च्या घरात राहील. पॅपची रायफल विकून कार्डावरच राहिलात तर दहा महिने, आणि ती ठेवून या रस्त्याने गेलात तर त्याहून दहा-बारा दिवस जास्त. लोनला प्रोसेसिंग फी आहे का, आणि मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, एवढं सही करण्यापूर्वी विचारा.

पूर्ण प्रामाणिक हिशेब मांडायचा तर दोन्ही रायफली विकून ११ टक्क्यांवर गेलात की आठ महिन्यांत सुटाल. म्हणजे पॅपची रायफल ठेवण्याची तुमची खरी किंमत अशी: ७५० डॉलर हातात न येणं, वर ७० डॉलर व्याज, आणि कर्जाचे दोन महिने जास्त. हा आकडा वहिनींना दाखवा. मी वहिनींच्या जागी असते तर मला हे ऐकायचं असतं, की तुम्ही किंमत बघून ठेवताय. आणि हे दोन महिने तुम्ही तुमच्या वाट्याच्या खर्चातून भरून काढा: यंदा नवे बूट नाहीत, नवी जॅकेट नाहीत. राज्याचं शिकारीचं लायसन्स २१ डॉलरच्या आसपास आहे, ते घ्या. कॅम्पवरचा बाकीचा खर्च निम्म्यावर आणा.

मी कुठे मत बदलेन, तेही सांगते. नोकरी गेली, ४०० चा हप्ता चुकायला लागला, किंवा घराचा हप्ता आणि रायफल यांतलं एकच ठेवायची वेळ आली, तर विका आणि अपराधी वाटून घेऊ नका. पॅपनी स्वतः पोरांच्या डॉक्टरच्या बिलासाठी बोट विकली होती, असं तुम्हीच लिहिलंय.

माझे वडील साताऱ्यात शिंपीकाम करायचे. ते गेल्यावर आम्ही त्यांचं शिवणयंत्र बाराशे रुपयांना विकलं. त्या महिन्यात पैशांची ओढाताण होती एवढं आठवतं, पण ते बाराशे कुठे गेले ते भावाला आठवत नाही, मला आठवत नाही. यंत्राच्या फळीला कात्रीची खोबण पडली होती, ती मात्र आजही बोटांना आठवते. ते यंत्र जाऊ दिलं याचं मला अजून वाईट वाटतं. सल्ला देताना ही माझी बाजू झुकती असू शकते, म्हणून वरचे आकडे मी तीनदा तपासले.

ठेवायची ठरली की काही कामं करावी लागतील. घराच्या विम्यात बंदुकांच्या चोरीसाठी वेगळी मर्यादा असते, बऱ्याच पॉलिसींत २,५०० डॉलर. तुमच्या दोन्ही मिळून त्यात बसतात, पण पॉलिसी काढून एकदा बघा. विमा बाजारभावच देतो, म्हणून चोरी होऊ नये याचीच जास्त काळजी घ्या: कुलपाचं कपाट, काडतुसं वेगळ्या कुलपात. घरात दोन मुली आहेत आणि वहिनींना धास्ती वाटते, त्यामुळे हा खर्च कर्जाच्याही आधी करा. सिरियल नंबर आणि फोटो जपून ठेवा.

कराचं विचारलंत. वारसाहक्काने आलेल्या वस्तूची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात, त्यामुळे उद्या विकलीत तरी नफा जवळपास शून्य आणि करही तसाच. पेनसिल्व्हेनियाचा वारसा कर मात्र वेगळा. मुलांना साडेचार टक्के लागतो, पण रक्ताचं नातं नसलेल्या शेजाऱ्याला १५ टक्के. ७५० वर तो ११२ डॉलर होतो. इस्टेटीतून तो भरला गेला का, हे पॅपच्या मृत्युपत्राचं काम पाहणाऱ्यांना विचारून घ्या. एच-वन-बीवर असलेल्या दोघांनी मागे मला असंच विचारलं होतं, त्यांच्यासाठी: तात्पुरत्या व्हिसावर बंदूक जवळ बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून. आधी वकिलाला भेटा.

शेवटचा मुद्दा तुमच्या मनातला. मुलींना रायफल नको आहे. पॅपची नात ओहायोत राहते, शिकार करते, आणि अंत्यविधीच्या दिवशी तिने त्या चमकत्या जागेवर नुसता हात फिरवला, असं तुम्ही लिहिलंय. तिला आत्ता भेट द्यायची तर राज्याची हद्द ओलांडते म्हणून परवानाधारक दुकानदारामार्फतच द्यावी लागेल. थोडी फी पडेल. मृत्युपत्रातून ठेवलीत तर ती अट लागत नाही. तुमचं मृत्युपत्र अजून झालेलं नाही, हे मला रायफलपेक्षा जास्त खटकलं. दोन मुली, घर, नोकरीतलं रिटायरमेंट खातं आणि सांगलीत भावाबरोबर सामाईक जमीन असताना ते राहून जाता कामा नये. ते करताना त्यात एक ओळ पॅपच्या नातीसाठी घाला, आणि तिला आताच फोन करून तसं सांगा.

सोमवारी क्रेडिट युनियनचा अर्ज भरा. .३०८ घेऊन जाण्यापूर्वी आणखी एका दुकानात भाव विचारा. दुर्बीण वेगळी विकली तर बहुतेक ४०० च्या वर जाल. आलेली सगळी रक्कम त्याच दिवशी कर्जात भरा, आणि पावती वहिनींच्या हातात द्या.