टकरमनला (अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवरची बर्फाळ दरी) स्नोबोर्ड घेऊन पहिल्यांदा जातोयस तर हे वाच

अरे बोर्ड कुठला घेऊ हे नंतर बघ, आधी रात्रीचं टेंपरेचर बघ. माउंट वॉशिंग्टनवर एप्रिलमध्ये बर्फ रात्री गोठला पाहिजे आणि सकाळच्या उन्हात वरचा थोडासाच थर मऊ झाला पाहिजे, तेव्हाच मजा. रात्रभर गोठलंच नाही तर घरी झोप काढ. आणि ॲव्हलांच सेंटरचं (हिमस्खलनाचा धोका सांगणारं केंद्र) त्या दिवसाचं बुलेटिन वाचल्याशिवाय गाडी काढू नको.

दरीत उतरायला गली आहेत, म्हणजे कड्यांमधल्या बर्फाने भरलेल्या अरुंद, तीव्र उताराच्या घळी. त्यातली राइट गली दक्षिणेकडे तोंड करून आहे म्हणून लवकर मऊ होते, लेफ्ट गलीला ऊन कमी, तिथे बर्फ जास्त दिवस टिकतो पण दुपारी सावली आली की परत काचेसारखा कडक, मग बोर्डची एज (कड) धरतच नाही. जी गली उतरायचीय तीच चढ, म्हणजे भेगा, दगड, खालून पोकळ झालेला बर्फ सगळं जाताना कळतं. क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे खिळे), आइस ॲक्स (बर्फाची कुदळ), हेल्मेट पाहिजेच, आणि ॲक्सने घसरण थांबवायची प्रॅक्टिस आधी छोट्या उतारावर कर, तिथे वर जाऊन शिकायला वेळ मिळत नाही.

लंच रॉक्सवर (दरीतल्या मोठ्या दगडांची जागा) डबा उघडून बसू नको, लोक बसतात तरी, वरून बर्फाचे मोठे तुकडे सुटतात. उतरताना दोन-तीन टर्न मारून बाजूला थांब, सुटलेला बर्फ आधी खाली जाऊ दे. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला तर जिथे असशील तिथूनच खाली यायला लाग, माथा राहिला तर राहिला.